राच्कोच्या फाटकावरचा कागद

"मला फसवणारा माणूस या गावात अजून जन्माला आलेला नाही!" असं राच्को छाती काढून सांगायचा आणि लगेच स्वतःच हसायचा, "येणार तरी कसा? बावीस वर्षांत गावात कुणी बाळंत झालंय कुठं!"

खरंच होतं ते. बाल्कन डोंगराच्या कुशीतल्या त्या गावात धुराडी चाळीस, पण धूर सोडणारी नऊ. राच्कोची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. एकुलती लेक सेव्दा स्पेनमध्ये कुठल्याशा म्हाताऱ्याला सांभाळायला राहिलेली. (तिथल्या म्हाताऱ्याला दिवसातून तीनदा गरम सूप, इथल्या म्हाताऱ्याला आठवड्यातून एकदा फोन.) रविवारी फोनवर ती विचारायची, "बाबा, येऊ का चार दिवस?" राच्को म्हणायचा, "कशाला? मांजराला पाहुणे खपत नाहीत." फोन ठेवल्यावर या विनोदाला तो बराच वेळ हसायचा. एकटाच.

त्याचा खरा गोतावळा टीव्हीत होता. दुपारी चारच्या मालिकेतले कामेन आजोबा! त्यांना सात मुलं, जेवायच्या टेबलाला अठरा खुर्च्या. राच्कोकडे खुर्च्या दोन, त्यातली एक मांजराची. आजोबा नुसते खोकले की तीन सुना मध घेऊन धावत. राच्को खोकला की मांजर उठून बाहेर जाई. आजोबांच्या लेकीनं फोनवर "येऊ का?" म्हटलं की आजोबा गरजत, "विचारतेस काय पोरी? ताट वाढलंय!" तेव्हा राच्को मांजराला म्हणे, "बघ, याला म्हणतात घर!"

आणि एका मंगळवारी कामेन आजोबा वारले. सात मुलांच्या गराड्यात, ऐटीत. राच्को ढसाढसा रडला. गावात कुणी गेलं की काळ्या चौकटीत नाव लिहून कागद फाटकावर डकवायची रीत होती. एवढा मोठा माणूस गेला आणि गावात कुठं कागद नाही? बायकोच्या वेळचे काळ्या चौकटीचे दोन कोरे कागद कपाटात उरले होते. त्यानं एकावर ठळक अक्षरांत लिहिलं, "आमचे लाडके कामेन आजोबा आपल्यातून गेले." बुधवारी सकाळी तो कागद फाटकावर डकवला, वर काळी फीत बांधली आणि परडी घेऊन तो डोंगरावर अळंबी काढायला निघून गेला.

आता नऊ धुराड्यांच्या गावात असला कागद कुणी वाचत नसतं. फाटक कुणाचं, एवढंच बघायचं. आणि त्या घरात मरायला दुसरं होतं कोण?

दुपारी तो परतला तर फाटक सताड उघडं. स्वयंपाकघरात शेजारीण त्सोना मयताला आलेल्यांना वाटायचे गोड गहू शिजवत होती. तिचा नवरा गेत्सो राच्कोचीच आलुबुखाराची दारू पीत होता. पिण्याआधी मेलेल्याच्या नावानं चार थेंब जमिनीवर सांडत होता, बाकीची मात्र आत. राच्को दाराआड उभा राहिला. (स्वतःबद्दल चांगलं ऐकायची संधी माणसाला एकदाच मिळते.)

"बडबड्या होता, पण मनानं सोनं," गेत्सो म्हणाला.

"सोनं? माझी शिडी नेली ती चार वर्षं परत दिली नाही!"

"कोठारात आहे ती!" राच्को दाराआडून ओरडला.

त्सोनाच्या हातातला डाव पातेल्यात पडला. "मेल्या, मेला नाहीस तू?"

"मी कशाला मरू? ते कामेन आजोबा गेले!"

"कोण कामेन?"

"टीव्हीतले."

त्सोनानं ओल्या फडक्यानं त्याला दोन रट्टे हाणले आणि मग तीच रडायला लागली. "अरे गाढवा, सेव्दाला कळवलंय मी! पोर विमानतळावर पोचलीसुद्धा असेल!"

तेवढ्यात फोन वाजला. राच्कोनं चोरासारखा उचलला.

"त्सोनामावशी, मी—"

"मावशी नाही, मीच. जिवंत आहे गं."

पलीकडून हुंदका. मग सेव्दानं बापाला अशा काही शिव्या घातल्या की गेत्सोनं आदरानं ग्लास खाली ठेवला.

राच्को मुकाट्यानं ऐकून घेईल तर तो राच्को कसला! तो म्हणाला, "कामेन आजोबा खोकले तरी सात लेकरं धावायची. मला एकुलती एक लेक, आणि तिला बोलवायला मला मरावं लागलं!"

"बाबा, ती मालिका मीही बघते. रोज. इथले आजोबा झोपले की."

मांजर येऊन त्याच्या पायाशी बसलं.

"मी विमानतळावर उभी आहे," सेव्दा म्हणाली. "हातात बॅग आहे, विमानाचं दार बंद व्हायला दहा मिनिटं आहेत. पुन्हा विचारते, येऊ का? आणि या वेळी मांजराला न विचारता सांगा!"