टेंबेकर कुटुंब, संरक्षित

टेंबेकर कुटुंब सातखणी महालासमोरच्या हिरवळीवर सतरंजी टाकून जेवत होतं, तेव्हा स्मारक खात्याने त्यांना राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं.

खात्याचे अधिकारी कुरणे खरं तर महालाचं गळकं छत बघायला आले होते. वरच्या सज्जातून त्यांची नजर खाली गेली आणि तिथेच थबकली. वडील, अरविंदराव, मागे भिंत नसतानाही भिंतीला टेकल्यासारखे ताठ बसलेले. उजवीकडे मुलगा निशिकांत, त्याच्या जरा मागे सून प्राची, डावीकडे मुलगी हेमांगी. आणि शालिनीताई सगळ्यांना वाढून झाल्यावर आत्ता कुठे पहिला घास घेत होत्या. कुणी काही बोलत नव्हतं, कुणाला काही कमी पडत नव्हतं. इतका शाबूत नमुना या भागात अजून उरला असेल, असं खात्याला वाटलं नव्हतं. कुरणे खाली आले, सतरंजीच्या कडेला चपला काढून त्यांनी नमस्कार केला आणि बरोबरच्या पहारेकऱ्याला दोरी आणायला धाडलं.

नियम त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. सूर्य मावळला की घोषणा कायम होईल. त्या क्षणी जे जसं असेल ते तसंच राखलं जाईल, त्यातून काही काढता येणार नाही की त्यात काही घालता येणार नाही. निशिकांतने घरी कधी जायचं ते विचारलं, तर स्मारकं हलवत नाहीत, असं उत्तर मिळालं. त्याच्या बँकेला खात्याकडून पत्र जाणार होतं. पावसाळ्यासाठी वर छत्री बांधणार होते, वीज पडू नये म्हणून तांब्याची सळईसुद्धा लावणार होते. प्राचीने खाली मान घालून, पुढेमागे मूलबाळ झालं तर, असं विचारलं. ते वाढीव बांधकामात मोडतं आणि त्याला दिल्लीची परवानगी लागते, असं कुरणे म्हणाले.

दुपारी तलावात नावेतून फिरायचं आणि मग गुलाबबाग बघायची, असा बेत होता. तो अर्थातच रद्द झाला. यापुढे तलावावरची माणसं इकडे येणार होती.

अरविंदरावांच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला हा माणूस, पण त्याला धरण फुटण्यापेक्षा घर फुटण्याची धास्ती जास्त. मागे निशिकांतने वेगळ्या फ्लॅटचा विषय काढला, तेव्हा अरविंदराव भांडले नव्हते. नुसते बोलायचे थांबले. शेवटी निशिकांतनेच हात जोडून विषय मिटवला. आता तीच काळजी सरकार वाहणार होतं, तेही दगडी पाटीवर नाव कोरून. त्यांनी कुरण्यांना शिरा घ्यायचा आग्रह केला. कुरण्यांनी कामावर असताना खात नाही म्हणून नम्रपणे नकार दिला.

हेमांगीची मात्र पंचाईत झाली. तिला शिलाँगच्या वेधशाळेत नोकरी लागली होती आणि मंगळवारी रुजू व्हायचं होतं. घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. आज नावेत बसल्यावर सांगायचं, असं तिने ठरवलं होतं, कारण नावेतून बाबांना उठून जाता येत नाही. आता नाव नव्हती आणि ऊन उतरायला लागलं होतं. पहारेकऱ्याने दोन बाजूंना खुंट्या ठोकून दोरी बांधली होती. तिसऱ्या बाजूला तो पोचला, तेव्हा तिला वाटलं, आता आपण मूग गिळून बसलो तर जन्मभर इथेच बसू.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली, आणि नोकरीचं सगळं एका दमात सांगून मोकळी झाली.

शालिनीताईंचा हात ताटातच राहिला. निशिकांतने बहिणीकडे पाहिलं, ते रागाने की हेव्याने, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. अरविंदराव समोरच्या महालाकडे बघत राहिले. हीच ती शांतता, हेमांगीला वाटलं.

कुरण्यांनी हरकत ऐकून घेतली, पण ती दाखल करून घेता येईना.

"वास्तूच्या भागाला हरकत घेता येत नाही," ते म्हणाले. "उद्या एखादा खांब म्हणाला मला जायचंय, तर छत कशावर उभं राहायचं?"

हरकत फक्त बाहेरच्या माणसाला घेता येत होती. हेमांगी बाहेरची आहे, असं कुटुंबप्रमुखाने स्वतः उभं राहून, मोठ्याने सांगितलं तर खातं ते मान्य करणार होतं. मात्र एकदा सांगितलेलं परत घेता येणार नव्हतं.

महालाची सावली सतरंजीच्या काठाला लागली. पहारेकरी चौथी खुंटी ठोकत होता. हेमांगीने बाबांकडे बघितलं नाही. आपण काय मागतोय ते तिला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, पण शब्द मागे घ्यावेसे मात्र वाटत नव्हते.

"तिकडे थंडी असेल," अरविंदराव म्हणाले.

"असते, बाबा."

"स्वेटर?"

"घेतलाय."

"म्हणजे बरेच दिवस ठरलेलं दिसतंय."

अरविंदराव गुडघ्यावर हात टेकून उठले, सदऱ्याला बसलेली घडी त्यांनी सरळ केली आणि म्हणाले, "ही आमची कुणी नाही."

पलीकडच्या पहारेकऱ्याला ऐकू गेलं नव्हतं. कुरण्यांनी पुन्हा एकदा सांगायची विनंती केली. अरविंदरावांनी पुन्हा सांगितलं, आणि या वेळी महालाच्या कमानीतून त्यांचा आवाज परत आला. शालिनीताई रडत म्हणाल्या, असलं काहीतरी लिहून घेऊ नका, माझ्या पोटची पोर आहे ती. पण त्या वास्तूचाच भाग होत्या, त्यामुळे त्यांचं म्हणणं नोंदवता आलं नाही.

पहारेकऱ्याने दोरी वर उचलून धरली आणि हेमांगी खालून बाहेर आली. बाहेरच्या माणसाला आत यायला लागतं तसं तिकीट तिला खिडकीवरून काढून आणावं लागलं. ती परत आली तोवर तलावावरचे बरेच लोक जमले होते आणि तिला मागच्या रांगेत उभं राहावं लागलं.

सूर्य टेकडीला टेकला. अरविंदरावांनी कुरण्यांना विचारलं, सतरंजीवरच्या वस्तूंनाही हाच नियम का? कुरणे म्हणाले, मावळताना जी वस्तू जिथे असेल, ती तिथेच राखली जाते, कायमची. मग अरविंदरावांनी घाईघाईने एक स्वच्छ ताट घेतलं, त्यात दोन पुऱ्या, थोडी भाजी आणि शिरा वाढला, कडेला लिंबाची फोड ठेवली आणि ते ताट डावीकडच्या रिकाम्या जागेवर सरकवलं. हात मागे घेतला आणि सूर्य मावळल्याची शिटी वाजली.

खात्याचा वाटाड्या तयारच होता. त्याने काठीने दाखवत लोकांना सांगायला सुरुवात केली: मधे कुटुंबप्रमुख, उजवीकडे पुत्र, त्यामागे सून, आणि ही माता.

"डावीकडे वाढलेलं ताट दिसतंय, पण माणूस नाही," तो म्हणाला. "ते कुणासाठी आहे, याबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत."

पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी हेमांगीला जागा करून दिली, मागून दिसत नसेल म्हणून. हेमांगी दोरीपर्यंत गेली. दोरीला हात लावायला मनाई होती, तो तिने लावला नाही. बंद व्हायची वेळ झाली होती. पहारेकऱ्याने सगळ्यांना दरवाजाकडे चलायला सांगितलं, आणि ती इतरांबरोबर निघाली.