खेकडे काय खातात

आमच्या शुक्रवार पेठेत शिवशरण सरांना कुणी ‘जय भीम’ किंवा ‘नमस्कार’ केला, की ते हात जोडतात आणि तब्येतीची चौकशी न करता विचारतात, “सकाळी काय खाल्लं?” नुसतं ‘पोहे’ म्हणून सुटका होत नाही. पोह्यात शेंगदाणे होते का, उरलेले कुणी संपवले, हेही सांगावं लागतं.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काढली आणि अभ्यास केला तो एकाच गोष्टीचा, किनाऱ्यावरचे खेकडे काय खातात याचा. नोकरी मात्र लागली इथं सोलापुरात. समुद्र सुटला, विषय सुटला नाही. बारशाच्या पंगतीत शेजाऱ्याला ते सांगणार, की खेकड्याचे दात पोटात असतात. तोंडाशी घास नुसता फाडायचा, दळायचा पोटात. एका लग्नात त्यांनी खेकडे मेलेला मासा कसा उरकतात ते इतकं रंगवून सांगितलं, की नवरदेवाचे मामा ताटावरून उठले. माघारी सगळे त्यांना ‘खेकडे सर’ म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे. “बरंय की,” म्हणतात.

त्यांच्या पत्नी जाऊन काही वर्षं झाली. मूलबाळ नाही. तेव्हापासून घरात ते एकटेच.

गेल्या वर्षी माझे वडील गेले. पाहुणे पांगले आणि आईचं जेवण सुटलं. हट्ट नव्हता तिचा. ताट पुढं आलं की म्हणायची, नको वाटतंय. डॉक्टरांना दुखणं सापडेना. मी रजा काढून घरी बसले, रागावले, रडलेही. आई चहाच्या घोटांवर दिवस काढत होती. आधाराशिवाय उठणंही तिला जमेना.

एका दुपारी सर डबा घेऊन आले. आईच्या खाटेसमोर फरशीवर बसले, डबा उघडला आणि स्वतःच जेवू लागले. आईला एकदाही ‘खा’ म्हणाले नाहीत. बोलले ते खेकड्यांबद्दल. ओहोटी लागली की बारके खेकडे बिळातून बाहेर येतात, ओली वाळू तोंडात घालतात, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतात. सगळा किनारा गोळ्यांनी भरून जातो. भरती येते, ते सगळं पुसून नेते. पुढच्या ओहोटीला ते पुन्हा बाहेर.

मला त्यांचा संताप आला होता. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. खारफुटीतले खेकडे गळलेलं पान ओढत बिळात कसं नेतात, ते त्या दिवशी झालं. मग रोजच येऊ लागले.

एके दिवशी आईनं विचारलं, वाळूत असं काय असतं खायला?

“डोळ्यांना दिसत नाही, ताई,” सर म्हणाले. “पण तेवढ्यावर त्याचा दिवस निघतो.”

बोलता बोलता त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, थोडी शेंगाचटणी घेतली आणि दोन्ही डब्याच्या झाकणात ठेवून झाकण तिच्या बाजूला सरकवलं. बोलणं थांबवलं नाही. थोड्या वेळानं आईनं तो तुकडा उचलला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, जागची हलले नाही.

हळूहळू ती अर्धी भाकरी खाऊ लागली. असंच एकदा चावता चावता तिनं विचारलं, भाकरी कोण करतं?

“मीच.”

रोज करता का, आईनं विचारलं.

“न्हाय. ही गेल्यावर घरात भाकरी झालीच नव्हती. चहाबिस्किटं, कधी खानावळ. तुमच्याकडं यायचं ठरवलं, तेव्हा पीठ आणलं.”

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग भिंतीला धरून, माझा हात न घेता, खाटेवरून उतरली.

“उद्यापासनं डबा आणू नका, सर.”

सरांचा घास हातातच राहिला. बरं, म्हणाले.

“भाकरी मी करते,” आई म्हणाली. “तुमची लई कच्ची ऱ्हाती. हितंच जेवत जावा.”

सरांनी हातातला घास संपवला. त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं होतं, तरी काढून पुन्हा लावलं.