वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही!

होबर्ट टॅकेटला या वेळी पक्की खात्री होती. अपंगत्वाच्या भत्त्यासाठीचा त्याचा अर्ज दोनदा फेटाळला गेला, तो कागदावर. कागदाला पाठ दिसत नाही! आता सुनावणी होती आणि समोर हाडामांसाचा जज बसणार होता. "मला नुसतं दारातून आत येताना पाहू दे, तो सहीसाठी पेनचं टोपणच काढेल!" असं तो बायकोला, कुत्र्याला आणि फोनवर वकीलबाईंना रोज ऐकवत होता.

पाठ होतीही तशीच. एकवीस वर्षं कोळशाचा ट्रक डोंगरावरून खाली आणल्यावर तिच्यात आता दोन सळ्या आणि सहा स्क्रू होते. ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती. बायको व्हर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, तिच्या पगारावर घर रेटलं जात होतं. अपंगत्वाचा भत्ता मिळाला नाही, तर थंडी संपल्यावर घर विकायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणूनच त्यावर कुणी बोलत नव्हतं.

वकीलबाई मिस प्रॅटर यांनी त्याच्याकडून पाठांतर करून घेतलं होतं. "वीस मिनिटांच्या वर बसवत नाही. दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. दुधाचा मोठा कॅन उचलवत नाही. खरं आहे ना हे, मिस्टर टॅकेट?"

"शंभर टक्के!"

"मग तसंच दिसू द्या. भत्ता देणाऱ्या खात्याची माणसं गाडीत बसून फोटो काढतात."

त्यामुळे होबर्ट ऑक्टोबरभर खिडकीपाशी आडवा पडून राहिला. आणि तिथेच घोटाळा झाला, कारण ऑक्टोबर हा व्हर्लीनचा महिना! हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या अंगण-सजावट स्पर्धेचा निकाल लागायचा आणि तीन वर्षं तिला समोर राहणाऱ्या इमोजीनने हरवलं होतं. यंदा व्हर्लीनने पेंढ्याचं बुजगावणं केलं. त्याला होबर्टचा चकाकत्या पट्ट्यांचा जुना कोट घातला, होबर्टची टोपी घातली, होबर्टचे बूट घातले. एवढ्यावर थांबली नाही. होबर्टचा चेहरा कापडावर छापून आणला आणि तोंडावर शिवून टाकला.

"माझाच चेहरा कशाला?" होबर्ट कळवळला.

"फुकट होता."

विषय होता 'मेलेला नवरा घरकामाला लागला'. रोज सकाळी बुजगावणं नव्या कामाला जुंपलं जाई. सोमवारी शिडीवर चढून पन्हळ साफ करताना, मंगळवारी कुऱ्हाड उगारून लाकडं फोडताना, बुधवारी खांद्यावर अजस्र भोपळा.

"हा कधी नाही म्हणत नाही," व्हर्लीन म्हणाली. "बावीस वर्षांत पहिल्यांदा पन्हळ साफ होतेय."

होबर्टला मात्र ते बरं वाटेना. डोंगरातून धुकं उतरायचं, त्यात अंगण बुडायचं, आणि खिडकीतून बघावं तर धुक्यात आपणच शिडीवर! शेजारी येता-जाता बुजगावण्याला हात करायचे, खिडकीतल्या खऱ्याला कुणी करेना. टपालवाल्याने एकदा त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पाही मारल्या. कुत्रा तर सरळ त्याच्या बुटांशी जाऊन झोपू लागला. रस्त्याच्या वळणावर एक करडी गाडी काच खाली करून उभी असायची. होबर्टला वाटलं, इमोजीनचा कुणी हेर असेल.

सुनावणी स्पर्धेच्या निकालाच्याच दिवशी आली. बुजगावणं परस्पर चर्चला न्यायचं होतं. त्यामुळे ते पट्टा बांधून पुढच्या सीटवर बसलं, आणि होबर्ट मागे आडवा झाला.

जजने चष्मा पुसला. "मिस्टर टॅकेट, दुधाचा कॅन उचलवत नाही म्हणता. मग हे काय?"

टेबलावर फोटो पसरले. शिडी. कुऱ्हाड. भोपळा. सगळे धुक्यातले, लांबून काढलेले, आणि सगळ्यांत होबर्टचा चेहरा! मिस प्रॅटर यांच्या मानेवर लाल चट्टे उठले.

"तो मी नाही, साहेब! तो पेंढा आहे!"

"असं सगळेच म्हणतात," जज म्हणाला आणि थांबला. "नाही. असं अजून कुणी म्हटलं नव्हतं."

व्हर्लीन गाडीकडे धावली. दारावरच्या तपासणीत सकाळी होबर्टच्या स्क्रूंनी यंत्र केवढं केकाटलं होतं! बुजगावणं मात्र सुळकन आत आलं. त्याला होबर्टशेजारी खुर्चीत बसवलं. जजने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग उठून बोटाने बुजगावण्याचं पोट दाबून पाहिलं, आणि अगदी खात्री करावी म्हणून होबर्टचंही.

"ठीक आहे," जज बसत म्हणाला. "आता एवढा एकच. एकोणीस तारीख. ओसरीवरची झुलती खुर्ची. सकाळी नऊ ते दुपारी तीन, सहा तास हा गृहस्थ जागचा उठलेला नाही. हे तुम्ही असाल, तर बैठं काम तुम्हाला सहज जमेल आणि अर्ज इथेच संपला."

फोटोतल्या होबर्टचा एक हात वर होता. तो गाडीकडे बघून हात करत होता.

"तेही बुजगावणंच, साहेब," होबर्ट म्हणाला.

जजने पेनचं टोपण काढलं. "मंजूर!"

परतताना होबर्ट मागच्या सीटवर पडून गात होता. पाच मैल झाल्यावर व्हर्लीनने आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"एकोणीस तारखेला," ती म्हणाली, "बुजगावणं घरात होतं. आदल्या रात्री भिजलेलं. मी पेंढा काढून चुलीपाशी वाळत घातला होता."

गाणं थांबलं. "मग मी असेन."

"तुला मी पाठीचा एक्स-रे काढायला शहरात नेलं होतं. सात ते चार. घराला कुलूप होतं, होबर्ट."

पुढच्या सीटवरचं बुजगावणं वळणावर जरा कलंडलं. होबर्टने वकीलबाईंना फोन लावला.

मिस प्रॅटर यांनी सगळं ऐकून घेतलं. "मिस्टर टॅकेट, हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. सांगितलंत, तर प्रकरण पाठीचं राहणार नाही, डोक्याचं होईल. त्याचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं!"

चर्चमध्ये बुजगावण्याला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं इमोजीनला. परीक्षक म्हणाले, व्हर्लीनचं काम सुरेखच, पण खरं वाटत नाही.

घरी पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. बुजगावणं गाडीतच पट्ट्यात बांधलेलं होतं. वारा मुळीच नव्हता. ओसरीवरची खुर्ची मात्र हळूहळू झुलत होती आणि तिच्यापाशी कुत्रा शेपूट हलवत पडला होता. व्हर्लीन गाडीतून उतरायला तयार होईना. होबर्ट काठी टेकत पायरीपर्यंत गेला, टोपी काढली आणि घसा साफ केला.

"हे बघ, दादा," तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "बसायला माझी ना नाही. पण दर वीस मिनिटांनी उठत जा. तीन वर्षांनी भत्त्याची फेरतपासणी आहे."

मग तो गाडीला टेकून घड्याळाकडे बघत राहिला. विसाव्या मिनिटाला खुर्ची थांबली. कुत्रा उठला, अंग झटकलं आणि कुणाच्या तरी मागोमाग परसात निघून गेला.