उजव्या हाताची रायफल

लेकीची, ऐनोची, पहिली रायफल आपणच निवडायची, असं मी ऑक्टोबरातल्या एका सकाळी दात घासताना ठरवलं. दात घासताना माणसाने काही ठरवू नये. समोर आरसा असतो आणि आरशातला माणूस कधीच विरोध करत नाही.

आमच्याकडे अमेरिकेच्या वरच्या टोकाला, मिशिगनात, पोर तेरा वर्षांचं झालं की हरणाच्या शिकारीसाठी त्याला पहिली रायफल मिळते, आणि ती घरातल्या पट्टीच्या शिकाऱ्याने निवडायची असते. आमच्या घरातला पट्टीचा शिकारी म्हणजे माझ्या सासूबाई, लेम्पी. सत्तरी उलटली तरी दर नोव्हेंबरात त्यांच्या परसातल्या मेपलला हरीण टांगलेलं असतंच. मी गावच्या पाणीपट्टी कचेरीत कारकून. लग्न झाल्यापासून दरवर्षी नेमाने शिकारीला जातो, आणि आजवर त्या जंगलात माझ्या हातून कोणाचाही जीव गेलेला नाही. (एक थर्मास गेला. तोही सासूबाईंचा होता.)

पण बाप तो बाप. शिकारीच्या सुरक्षिततेची परीक्षा ऐनो वर्गात पहिली येऊन पास झाली होती. पुढे कधीतरी तिने आपल्या पोराबाळांना सांगावं, ही रायफल माझ्या बाबाने निवडली, एवढीच माझी हौस. सासूबाईंना सुगावा लागला असता तर त्या माझ्याआधी दुकानात पोचल्या असत्या. म्हणून मी कोणाला काही बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. तिथेच घोळ झाला.

ऑर्विलचं बंदुकांचं दुकान गावात एकच. त्याने विचारलं, पोरगी किती उंच, हात किती लांब? कोपरापासून चाप ओढायच्या बोटापर्यंतचं माप हवं, म्हणजे दस्ता नीट खांद्याला बसतो. तो म्हणाला, तिलाच का नाही घेऊन येत? मी म्हटलं, तिला चकित करायचंय. "मग माप आण," असं म्हणून तो गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन मी टेप काढली आणि ऐनोला हात पुढे करायला सांगितलं. तिने डावा केला. मी म्हटलं, हा नको, तो. तिने निमूट उजवा केला. (चतुर वाचकांनी आत्ताच हसू नये.) माप कशाला, असं तिने विचारल्यावर मला ऐनवेळी सुचलं ते मी सांगून टाकलं. स्वेटरसाठी.

"कोण विणणार?"

"मी," मी म्हणालो. खोटं बोलणाऱ्याने पहिल्या खोट्यावर थांबावं, हे मला कधी जमलेलं नाही.

ऐनोला फार कौतुक वाटलं. तिने ते आईला सांगितलं. माझ्या बायकोला, मार्सीला, मात्र कौतुक वाटलं नाही. तिने मला काही न विचारता आपल्या आईला फोन केला, की गावातल्या सगळ्या मुलींना रायफली मिळतायत आणि माझ्या मुलीला तिचा बाप स्वेटर विणून देणार आहे. सासूबाईंनी म्हणे फोन खाली ठेवायच्या आधीच अंगात कोट चढवला होता.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी कचेरीत पाण्याच्या बिलांखाली रायफलींचे कॅटलॉग लपवून वाचत होतो. वाचून एक गोष्ट पक्की कळली. मोठ्या काडतुसाची रायफल खांद्याला असा धक्का देते की लहान पोर त्याची धास्ती घेतं, आणि एकदा धास्ती बसली की जन्मभर नेम लागत नाही. तेव्हा हलकी हवी, आखूड हवी, धक्का मऊ हवा. माप घेऊन दुकानात गेलो तेव्हा हे ऐकून ऑर्विलने प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिलं आणि काउंटरवर दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. त्यातल्या एकीचं लाकूड जरा जास्त तांबूस होतं.

"उजवी का डावी?" त्याने विचारलं.

"उजवी," मी म्हटलं. तांबूस ती उजवीकडे होती.

"नक्की?"

"अरे, दिसतंय ना समोर. उजवीच."

मला वाटलं, निवड करावी तर अशी झटपट. ही गोष्ट कुठे बोलू नकोस, एवढं ऑर्विलला बजावून मी बाहेर पडलो. त्याच दुपारी सासूबाई दुकानात गेल्या, त्यांनीही रायफल घेतली आणि त्यांनीही हेच बजावलं. ऑर्विलच्या पोटात गुपित राहतं. त्या दिवशी दोन राहिली. पुढे मी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "तू म्हणालास उजवी, त्या म्हणाल्या डावी. तुमच्या घरचा तंटा मी कशाला सोडवू?"

रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे सासूबाईंकडे जेवायला गेलो. मांसाचं सारण भरलेल्या करंज्या झाल्या, वेलदोड्याचा पाव झाला, कॉफी आली. मी उठून चार शब्द बोलायच्या तयारीने गाडीतून घोंगडीत गुंडाळलेली रायफल घेऊन आलो. तर टेबलावर त्याच लांबीचं दुसरं गाठोडं, आणि त्यामागे सासूबाई.

मार्सीने माझ्या गाठोड्याकडे पाहिलं. "हा स्वेटर?" ती म्हणाली.

ऐनोने आधी माझं उघडलं. शिकवल्याप्रमाणे नळी भिंतीकडे धरून काडतूस सरकवायचा बोल्ट मागे ओढला, आत काडतूस नाही ना पाहिलं आणि रायफल खांद्याला लावली. डाव्या खांद्याला. मी हळूच म्हटलं, अगं, त्या बाजूला नाही, या बाजूला. तिने लगेच खांदा बदलला. पोर गुणी आहे.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "जावईबापू, पोर डावखुरी आहे."

"कधीपासून?" मी विचारलं. (हा प्रश्न विचारायला नको होता, हे मला आज मान्य आहे.)

"जन्मल्यापासून," मार्सी म्हणाली.

मी ऐनोच्या ताटाकडे पाहिलं. चमचा डावीकडे पडला होता. ही मुलगी घरी रोज माझ्या उजव्या बाजूला जेवायला बसते, आणि रोज तिचं कोपर माझ्या कोपराला लागून माझं सूप सांडतं. टेबल लहान पडतंय, असं समजून मी मागच्या वर्षी नवं मोठं टेबल आणलं होतं.

मग तिने आजीची रायफल उचलली. बोल्ट डावीकडे. ती खांद्यात अशी बसली, जणू तिथेच उगवली होती. पोरीचा चेहरा उजळला, आणि मला आनंदही झाला आणि हेवाही वाटला. माझ्या रायफलीचा बोल्ट ओढायचा तर तिला नाकावरून हात न्यावा लागणार, असं सासूबाई समजावून सांगत होत्या. त्यांचा स्वर चांगला होता. म्हणूनच जास्त लागलं. मी घोंगडी पुन्हा गुंडाळायला लागलो. उद्या परत करतो म्हणालो.

ऐनोने घोंगडीवर हात ठेवला. डावा. आता मला दिसायला लागला होता.

"परत नको करूस, बाबा. ही तू ठेव."

"अगं, लहान मुलांच्या मापाची आहे ती."

"तुझे हात तरी कुठे लांब आहेत?" ती म्हणाली.

ते खरंच होतं. पुढच्या शनिवारी सासूबाई, ऐनो आणि मी वाळूच्या खाणीत नेमाच्या सरावाला गेलो. माझी जुनी रायफल सासऱ्यांची. ती उडाली की आपण हलतो आणि निशाण जागच्या जागी राहतं. मी नेहमीसारखा एक बार काढला. कागद कोरा. ऐनो बाजूला उभी राहून माझ्याकडेच पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, चाप ओढताना तू दोन्ही डोळे मिटतोस."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला पहिल्या वर्षीच दिसलं होतं. मला वाटलं, तुम्ही प्रार्थना करता."

मग मी ती पोरांची रायफल घेतली. खांद्याला मांजर घासून गेल्यासारखा धक्का. दुसऱ्या बाराला एक डोळा उघडा राहिला. त्यानंतर कागदाच्या कोपऱ्याला भोक पडलं, आणि दुपारपर्यंत भोकं काळ्या गोलाच्या आसपास फिरू लागली. ऐनो तो कागद पताकेसारखा नाचवत खाणभर धावली. सासूबाईंनी आपल्या थर्मासमधली कॉफी मला ओतून दिली. थर्मास मात्र स्वतःच्या हातात धरून.

हंगाम सुरू झाला त्या दिवशी शाळेला सुट्टी असतेच. ऐनोच्या वयाच्या पोराजवळ कायद्याने मोठं माणूस लागतं, म्हणून आम्ही दोघं एकाच मचाणावर, नारिंगी टोप्या घालून, एकमेकांच्या कोपराला कोपर लावून बसलो. (या वेळी मी तिच्या उजव्या बाजूला बसलो. माणूस शिकतो.) उजाडून थोडा वेळ झाला असेल. देवदारांतून चांगल्या शिंगांचा नर बाहेर आला आणि आमच्याकडे बरगडी करून उभा राहिला.

ऐनोने रायफल उचलली, नेम धरला. मग खाली ठेवली.

"तू मार," ती कुजबुजली.

"अगं, तुझं पहिलं हरीण आहे."

"माझ्यापुढे खूप वर्षं आहेत, बाबा."

मी छोटी रायफल खांद्याला लावली. "डोळे," ऐनो म्हणाली. मी उघडे ठेवले. हरीण जागच्या जागी पडलं. पुढचा काही वेळ मी रडत होतो का हसत होतो ते मला सांगता येणार नाही, आणि ऐनोने ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. (तिने दुसऱ्याच दिवशी आजीबरोबर जाऊन स्वतःचं हरीण आणलं. माझ्याहून मोठं.)

दर हंगामात पहिलं हरीण मिळालेल्यांचे फोटो ऑर्विल दुकानात भिंतीवर लावतो. मी आठवडाभर काहीतरी कारण काढून तिथून जात होतो. शेवटी एकदाचा माझाही फोटो लागला. ओळीने सगळी दातांना तारा लावलेली, मुरुमं आलेली पोरं, आणि त्यांच्या मधोमध टक्कल पडलेला मी, छोटी रायफल छातीशी धरून. प्रत्येकाच्या फोटोखाली ऑर्विलने सुबक अक्षरात नाव लिहिलं होतं आणि सोबत कोण मोठं माणूस होतं तेही. माझ्या फोटोखाली होतं : वेंडेल कांगास. सोबतची जबाबदार व्यक्ती : ऐनो.

मी ऑर्विलला बोलावून म्हटलं, यात चूक आहे. त्याने चष्मा चढवला, दोनदा वाचलं, "खरंच की," म्हणाला आणि खिशातलं पेन काढून ती चूक दुरुस्त केली.

ऐनोचं आडनाव लिहायचं राहिलं होतं.