बिनगळाचा वाघमारे

२००६ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि माशातलं माझ्याएवढं कळणारा मराठी माणूस अख्ख्या लीड्समध्ये नव्हता. आजही नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. जातीचा भोई. बापानं कृष्णेत पोहायला आधी शिकवलं, चालायला नंतर. पुढं चाळीस वर्षं इथल्या फाउंड्रीत लोखंड ओतलं, पण मासा विसरलो नाही. तेव्हा मी सांगतो ते खरं धरा: आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारा वाघमारे गळ न लावता मासेमारी करायचा.

चेष्टा करत नाही. मासा भुलवायला इकडं दोरीला चकाकत्या पत्र्याचा चमचा बांधतात. वाघमारे तो दुकानातून आणायचा आणि घरी आला की पक्कड घेऊन त्याच्या गळाचे तिन्ही काटे कटाकट तोडून टाकायचा. मग कॅनॉलवर जाऊन तो बोडका चमचा लांब फेकायचा आणि रीळ फिरवत ओढायचा. मासा यायचा, पत्र्याला तोंड मारायचा, चव आवडली नाही की निघून जायचा. वाघमारे खूश.

"वाघमाऱ्या, हे म्हणजे पंगतीत बसायचं आणि नुसता वास घेऊन उठायचं झालं," मी म्हणायचो.

"तात्या, मी पंचशील घेतलंय. जीव घ्यायचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

"इथला गोरा बघ. धरतो, फोटो काढतो, सोडतो. तसं कर."

"ओठ फाडल्यावर सोडून काय, सॉरी म्हणायचं त्याला? मला मासा नकोच आहे. मला ठोका पाहिजे."

ठोका म्हणजे मासा तोंड मारतो तेव्हा दोरीतून काठीत आणि काठीतून तळहातात येतो तो झटका. त्याच्यासाठी हा माणूस वेडा झाला होता. आणि घाईत होता. तीस वर्षं हॉस्पिटलात पोर्टर म्हणून ट्रॉल्या ढकललेले त्याचे हात साखरेनं बधिर होत चालले होते. बोटांची टोकं गेलीच होती, आता तळहातावर पाळी आली होती. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत यायचं नाही. म्हणून तळहात जिवंत आहे तोवर त्याला एक काठी पाहिजे होती. एकच. कॅनॉलला चालेल, नदीला चालेल, आणि स्कारबरोला समुद्राच्या काठावर उभं राहूनही चालेल अशी. आणि ठोका पोचवेल अशी.

हॉस्पिटलात नंबर लागेपर्यंत वाचायला मासिकं ठेवतात. तिथून यानं एक अमेरिकन मासिक उचलून आणलं. स्मॉलमाउथ बास नावाच्या माशाला काठावरून धरायचं तर सगळ्या कामाला पुरेल असा एकच स्पिनिंग रॉड, म्हणजे रिळाची काठी, कसा निवडावा, यावर त्यात चार पानं लेख. ती पानं दुमडून खिशात घालून आम्ही दर शनिवारी गॉर्डन नावाच्या गोऱ्याच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जायचो.

पहिल्याच दिवशी गॉर्डन म्हणाला, "धिस फिश डझन्ट लिव्ह इन इंग्लंड, लव्ह."

इथले पुरुष पुरुषाला लव्ह म्हणतात. चाळीस वर्षं झाली, मला अजून रुचलेलं नाही.

वाघमारे शांतपणे म्हणाला, "दॅट इज द फिशेस प्रॉब्लेम."

तपासायची त्याची पद्धत अशी: काठीचा दांडा मुठीत धरून, डोळे मिटून उभं राहायचं. मी पलीकडं जाऊन काठीच्या शेंड्यावर नखानं टिचकी मारायची. मग तो निकाल द्यायचा. सहा फुटी काठी, "आखूड. काठावरून चमचा पायाशीच पडेल." दहा फुटी, "जाते लांब, पण ठोका वाटेत झोपतो." जाड काठीला "बांबू" म्हणायचा, लवचिक काठीला "शेवई". आणि सगळ्यात मोठी शिवी म्हणजे, "मुकी आहे." असे सात महिने. दुकानातली प्रत्येक काठी मुकी निघाली. गॉर्डन आम्हाला बघितलं की स्वतःच चहा प्यायला आत जायचा.

मधेच वाघमाऱ्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा, मला दूर दक्षिणेतल्या ब्रॅकनेलहून फोन यायचा. कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठी साहेब, पण जन्म इथला, त्यामुळं मराठी मोडकी. "तात्याकाका, बाबांना समजवा ना. माझा घर मोठी आहे. तो रूम मी पेंट पण केला. एकटे कशाला राहतात?"

मी निरोप पोचवायचो. वाघमारे म्हणायचा, "काठी मिळाली की बघू."

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी ती काठी आली. आठ फुटी, कार्बनची, बुडाला बुचाची मूठ, मधे दणकट आणि शेंड्याला चाबकासारखी हलकी. मी हातात घेतली आणि मला कळलं. माझी अशा बाबतीत चूक होत नाही.

"धर," म्हटलं. "ही नाही तर कुठलीच नाही."

त्यानं धरली. डोळे मिटले. मी टिचकी मारली.

"मार ना," तो म्हणाला.

मी परत मारली. शेंडा थरथरला.

"तात्या, झोपलास काय? मार की."

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा मी अशी मारली की गॉर्डननं कप खाली ठेवला. "इट्स नॉट द रॉड, लव्ह," तो हळू म्हणाला.

"यू शटप," मी म्हटलं.

वाघमाऱ्यानं डोळे उघडले. माझं नख अजून शेंड्यावरच होतं. त्यानं ते बघितलं, काठी जपून स्टँडला लावली, "मुकी आहे," म्हणाला आणि बाहेर गेला.

बाहेर बसस्टॉपच्या बाकावर बसला होता. मी शेजारी बसलो. एक बस आली, गेली.

"सुमनची वाचा गेली होती शेवटी," तो म्हणाला. सुमनवहिनीला जाऊन तीन वर्षं झाली होती. स्ट्रोक होता, एवढंच मला माहीत. "मी ज्या वॉर्डात ट्रॉल्या न्यायचो त्याच वॉर्डात अकरा आठवडे पडून होती. एक बोट तेवढं हलायचं. माझ्या तळहातावर मारायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पाणी देऊ? एक. टीव्ही लावू? दोन. आमचं चांगलं चाललं होतं रे."

दुसरी बस थांबू लागली, तिला मी हातानंच पुढं जा म्हटलं.

"शेवटच्या दिवशी तिनं तीन मारले. तीनचं काही ठरलंच नव्हतं आमचं."

मग त्यानं तळहात उलटासुलटा करून पाहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा. "प्रज्ञाला फोन करतो. येतो म्हणून सांगतो. आता काय राहिलंय इथं."

"आज फोन केलास तर तंगडं मोडीन," मी म्हटलं. मला रडता येत नाही. मला जे येतं ते मी केलं. उठलो, दुकानात गेलो आणि गॉर्डनच्या नाकावर टिच्चून ती काठी रिळासकट घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्याचं दार बडवलं. स्वेटरवर शाल घेऊन आला. काठी बघून म्हणाला, "तात्या, हात गेले रे माझे."

"हात गेले खड्ड्यात. माणसाला काय हातच असतात? चल."

कॅनॉलवर धुकं होतं. त्याचा बोडका चमचा मीच बांधला, मीच फेकला. मग त्याला माझ्या पुढ्यात उभा केला आणि काठीचं बूड त्याच्या कानाखाली, जबड्याच्या हाडाला टेकवलं. थंडीत हात गोठले की माझा बाप दोर दातांत धरून ठोका ओळखायचा. हाडाला सगळं कळतं.

"तोंड मीट," म्हटलं, "आणि ऐक."

एका काठीला दोन म्हातारे चिकटलेले बघून कुत्रं फिरवणारी एक बाई थबकली. मी तिला गुड मॉर्निंग म्हटलं आणि सावकाश रीळ फिरवत राहिलो.