समोरच्या घराचं माप

मिस्त्रींना सुट्टी द्यायची तर त्यांना देशाबाहेरच काढावं लागेल, हे सिस्टरना बत्तीस वर्षांच्या संसारानंतर कळून चुकलं होतं. नवरा सुतार, बायको इस्पितळात परिचारिका. आळीतले सगळे त्यांना मिस्त्री आणि सिस्टर म्हणत. इतकं की सिस्टरची सख्खी नणंदसुद्धा भावजयीला सिस्टर म्हणे, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नसे.

लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेले, तेव्हा हॉटेलच्या खोलीचं दार खाली घासत होतं. मिस्त्रींनी ते उतरवलं, रंधा मारला आणि परत बसवलं. रंधा बॅगेत कपड्यांच्या खाली होता. मालक इतका खूश झाला की त्याने हॉटेलची उरलेली अकरा दारंही दाखवली. पुढच्या प्रत्येक सहलीत थोड्याफार फरकाने हेच झालं. नातलगांच्या लग्नाला जावं, तर मिस्त्री जेवायच्या पंगतीत कमी आणि डुगडुगणाऱ्या टेबलाखाली जास्त.

निवृत्त झाल्या त्याच संध्याकाळी सिस्टरनी चहाचा कप नवऱ्यासमोर ठेवला आणि सांगून टाकलं, "अहो, मला तुमच्याबरोबर पंधरा दिवस नुसतं बसायचंय. मधे लाकूड नको."

मिस्त्री म्हणाले, बसू की, त्यात काय. पण सिस्टर त्यांना ओळखून होत्या. इथे बसले तर दाराशी कुणी ना कुणी बिजागरी घेऊन उभा राहणार. तेव्हा घर अशा ठिकाणी हवं, जिथे हा माणूस सुतार आहे हे कुणाला माहीत नाही आणि त्याने सांगितलं तरी कुणाला कळणार नाही. लेकीने आणि जावयाने इंटरनेटवर शोधाशोध केली. परदेशातलं एक लहानसं गाव, समोर समुद्र, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. किंमतही बेताची. आयुष्यभर दोघांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलं होतं, ते सिस्टरनी बेधडक बाहेर काढलं. अट एकच: तिथे हत्यार न्यायचं नाही. साधा स्क्रूड्रायव्हरसुद्धा नाही.

मिस्त्रींनी अट मान्य केली आणि लगेच त्यातून पळवाट काढली. ते म्हणाले, हत्यार नेत नाही, पण दुकानातलं फर्निचर माझ्या घरात येणार नाही. भुसा दाबून केलेल्या फळीवर मी झोपणार नाही म्हणजे नाही. मी इथेच सगळं करतो, सुटं सुटं पाठवू आणि तिथे नुसतं जोडू. सगळ्या खाचा आणि खुंट्या, खिळा एक नाही. हाताने दाबलं की बसलं. सिस्टरना यात कुठेतरी फसवणूक आहे असं वाटत होतं, पण नेमकी कुठे ते सापडेना. तेव्हा त्यांनी हो म्हटलं.

माप व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरलं. तिकडे एजंट टेप घेऊन फ्लॅटमध्ये, इकडे मिस्त्री कागद-पेन्सिल घेऊन, आणि मधे दुभाषे म्हणून तिकडची भाषा येणारे जावईबापू. एजंटला वाटलं होतं, दहा मिनिटांत आटपेल. तीन तास लागले. मिस्त्री प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजायला लावत: खाली, मधे आणि वर. कोपरा काटकोनात आहे का, हे बघायला त्यांनी एजंटला जाड पुस्तक आणून कोपऱ्यात लावायला सांगितलं. शेवटी तो बिचारा स्वयंपाकघरात सिंकखाली पालथा पडून पाइपाची जाडी सांगत होता, आणि जे काही पुटपुटत होता त्याचं भाषांतर करायला जावईबापू तयार नव्हते.

चार महिने वर्कशॉपमध्ये दुसरं काम झालं नाही. कोपऱ्यात बसणारं ओट्याखालचं कपाट, खांबासाठी खाच ठेवलेला पलंग, खिडकीखालचा लांब बाक. सगळं सागाचं. बावीस खोकी जहाजाने गेली आणि मागोमाग नवरा-बायको विमानाने. निघण्यापूर्वी सिस्टरनी मिस्त्रींची बॅग तीनदा तपासली. घडी केलेल्या पायमोज्यात लाकूड कोरायची एक पटाशी मिळाली. मिस्त्री म्हणाले, ती चुकून आली असेल.

फ्लॅटचं दार उघडलं तर समुद्र खरोखरच खिडकीत होता. सिस्टरना भरून आलं. मिस्त्रींनी मात्र समुद्राकडे पाहिलंही नाही, आधी खोकी मोजली. बावीसच्या बावीस. पहिलं खोकं ओट्याखालच्या कपाटाचं. अर्ध्या तासात ते जोडून झालं. मग ते उचलून कोपऱ्याशी नेलं आणि मिस्त्री थबकले. कपाट उजव्या कोपऱ्याचं होतं. कोपरा डावीकडे होता.

त्यांनी पलंग काढला. खांबाची खाच या बाजूला, खांब त्या बाजूला. बाक काढला. पाइप चुकवायला उतरतं केलेलं त्याचं टोक जिथे आलं तिथे सपाट भिंत, आणि सपाट टोकाशी पाइप. मिस्त्रींनी वितीने सगळ्या भिंती मोजल्या. माप केसभर चुकलं नव्हतं. फक्त सगळं घर उलटं होतं.

ते एका खोक्यावर बसले ते बसलेच. चहा निवला. सिस्टरनी दोनदा विचारलं, तेव्हा हळूच म्हणाले, "चाळीस वर्षांत एक फळी उलटी कापली नाही मी. आता डावं-उजवंही कळेनासं झालं. म्हातारा झालो गं."

सिस्टरना नवऱ्याला रिकामं बसलेलं बघायचं होतं, पण असं नाही. हा माणूस काम नसल्यामुळे नाही, काम चुकलं म्हणून बसला होता, आणि ते त्यांना बघवेना. त्यांनी गॅलरीत जाऊन जावयाला फोन लावला. जावईबापूंनी एजंटला गाठलं. त्याने आधी आढेवेढे घेतले, मग हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि शेवटी कबूल केलं. मापाच्या दिवशी या फ्लॅटची किल्ली रंगाऱ्याकडे राहिली होती. समोरचा फ्लॅटही त्यानेच विकलेला, त्याची एक किल्ली अजून त्याच्याकडे होती, म्हणून त्याने तो दाखवला. दोन्ही घरं तंतोतंत सारखी, फक्त एक दुसऱ्याच्या आरशातलं. एवढ्याशा गोष्टीने काय फरक पडणार, असं त्याला वाटलं.

हे ऐकून मिस्त्री एजंटवर चिडतील, ही सिस्टरची कल्पना. पण त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं काही चुकलेलं नाही," असं म्हणत ते उठले, सरळ समोरच्या दाराशी गेले आणि बेल वाजवली.

दार उघडलं एका सत्तरीच्या म्हाताऱ्याने. निवृत्त बस ड्रायव्हर, एकटाच राहणारा. आत एक खाट, एक स्टूल, बस्स. मिस्त्रींना त्याच्या खांद्यावरून उजवा कोपरा दिसला, खांब दिसला, आणि मग त्यांना राहवलं नाही. ते आत शिरले आणि खिडकीखालची भिंत वितीने मोजू लागले.

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. पाच-सहा महिन्यांपूर्वी तो बाजारातून आला तेव्हा एक माणूस त्याच्या सिंकखालून बाहेर पडून पळाला होता, हातात टेप होती. तेव्हापासून त्याची खात्री झाली होती की आपला पुतण्या हे घर परस्पर विकतोय. आणि आज हे घेणारे आले, तेही भिंती मोजत. तो धपकन खाटेवर बसला आणि छाती धरली.

मागोमाग आलेल्या सिस्टरनी क्षणात त्याचं मनगट पकडलं, खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि रक्तदाब मोजायचं यंत्र काढून त्याच्या दंडाला गुंडाळलंसुद्धा.

मिस्त्री बघत राहिले. "हे कुठून आलं?"

"गप्प बसा. मोजू द्या."

"माझी पटाशी काढून ठेवलीस, आणि हे?"

"हे काय हत्यार आहे?" सिस्टर म्हणाल्या.

रक्तदाब वाढला होता, पण घाबरण्यासारखा नव्हता. जावईबापूंनी फोनवरून म्हाताऱ्याला सगळी कथा ऐकवली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तो हसायला लागला, तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुतण्या बिचारा निर्दोष होता. त्यालाही फोन लावून दोन गोड शब्द बोलले गेले, त्यामुळे तोच घाबरला.

मिस्त्रींनी संध्याकाळपर्यंत विचार केला आणि सिस्टरना सांगितलं, की सागाचं सामान ज्या घराच्या मापाचं आहे त्याच घरात जाईल. कापून उलटं करायला हत्यार नाही, आणि असतं तरी मी कापलं नसतं. दोन दिवसांत म्हाताऱ्याचं घर सजलं. एकेक खुंटी नुसत्या तळव्याने बसली. म्हातारा बाकावरून हात फिरवत राहिला आणि त्याने बाजारातून दोन गाद्या यांना आणून दिल्या.

मग मिस्त्री स्वतःच्या रिकाम्या घरात गादीवर बसले. दार घासत नव्हतं. टेबल डुगडुगत नव्हतं, कारण टेबलच नव्हतं. पायावर ऊन आलं होतं. त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा समुद्र नीट पाहिला आणि त्यांना तो आवडला. ते म्हणाले, "अगं, ये ना. बस."

सिस्टर म्हणाल्या, आले हं, याचं एवढं मोजते. म्हातारा दुसऱ्या मजल्यावरच्या मित्राला घेऊन आला होता. मित्राने बहिणीला सांगितलं, बहिणीने खालच्या बेकरीवालीला. मीठ बंद करायचं हे सिस्टर हातांनी सांगत, आणि कुणी ऐकत नसेल तर खणखणीत आपल्या भाषेत ओरडत. ते सगळ्यांना बरोबर कळत असे. पाचव्या दिवशी जिन्यापर्यंत रांग लागली. म्हाताऱ्याने मित्राच्या मदतीने आपल्या घरातला सागाचा बाक उचलून बाहेर आणून ठेवला, बसायची सोय म्हणून. जावयाचा फोन आला की मिस्त्री सांगत, "त्या कामात आहेत."

बाराव्या दिवशी मिस्त्रींनी अंगात सदरा घातला, केस विंचरले आणि दाराबाहेर जाऊन रांगेत शेवटी उभे राहिले. सरकत सरकत बाकावर आले. पाऊण तासाने नंबर लागला तेव्हा त्यांनी निमूटपणे हात पुढे केला.

सिस्टरनी मान वर न करता मनगट धरलं, मग वर पाहिलं. "तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "जरा बसायला आलो होतो."

सिस्टरनी घड्याळाकडे पाहून ठोके मोजले. मिनिट संपलं, तरी त्यांनी मनगट सोडलं नाही. दारातून बेकरीवाली आत डोकावली, तेव्हा तिला त्यांनी हातानेच खूण केली की थांब, या पेशंटला वेळ लागणार आहे.