चिस्पा कोणाचा कोण?

शनिवारी सकाळी एवारिस्तो सेपेदा अंड्यांवर हिरवी चटणी घालत होते, तेवढ्यात स्टुडिओतून ध्वनिमुद्रणाचं काम बघणाऱ्या इमेल्दाचा फोन आला. सगळ्यांसारखी तीही त्यांना 'मायेस्त्रो', म्हणजे उस्ताद, म्हणे.

"मायेस्त्रो, आज चाहत्यांच्या मेळाव्यात पोरांशी नीट बोला हं. कंपनी गेमच्या चौथ्या भागाचे आवाज ठरवतेय. तुमच्याबद्दल दोन चांगले शब्द तिकडे पोचले, तर चिस्पा तुमचाच."

"आणि नाही पोचले तर?"

"तर पपई आहेच की!" इमेल्दा हसली आणि तिने फोन ठेवला.

एवारिस्तोंना काही हसू आलं नाही. चाळीस वर्षं मेक्सिको शहरातल्या स्टुडिओंमध्ये त्यांनी राजांना, भुतांना, डिटेक्टिव्हांना आणि एका दुःखी बदकाला आवाज दिला होता. आता एकोणसत्तराव्या वर्षी त्यांच्याकडे दोनच कामं उरली होती. एक, पोर्तालेस वस्तीतल्या मोठ्या दुकानात दर आठवड्याला वाजणारी घोषणा: 'आज पपई ताजी आणि गोड!' आणि दुसरं, 'अकरा डोंगर' या व्हिडिओ गेममधला चिस्पा.

चिस्पा हा आरन नावाच्या नायकाचा सोबती. हातात कंदील घेऊन तो पुढे चालतो आणि दरीत पडण्याच्या जरा आधी नायकाला सावध करतो. तोंडावर ओढलेली टोपी त्याने तीन भागांत एकदाही काढलेली नाही, त्यामुळे त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. एवारिस्तोंनी तर चिस्पालाच पाहिलं नव्हतं. बंद खोलीत कागदावरची वाक्यं वाचायची आणि घरी यायचं, एवढंच त्यांचं काम. पहिल्या भागाच्या वेळी चिस्पा हा घोडा असावा, अशी त्यांची समजूत होती.

"म्हाताऱ्या," त्यांची पत्नी चोले म्हणाली, "कोणी काही विचारलं आणि तुला येत नसलं, तर सरळ 'माहीत नाही' म्हण."

"लांबून लांबून येतात गं पोरं. त्यांना 'माहीत नाही' म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवू?"

"मागच्या वर्षी त्या पुएब्लाच्या माणसाला पाठवलंस ना सुतारगल्लीत! दवाखाना विचारत होता बिचारा."

"दोन चौक सोबत गेलो होतो मी त्याच्या," एवारिस्तो जरा दुखावून म्हणाले.

यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. त्या वस्तीत कोणी टपाल कचेरी विचारली, तर तीन माणसं तीन दिशा दाखवत आणि तिघंही मनापासून दाखवत. 'माहीत नाही' असं तोंडावर सांगणं म्हणजे दार लावून घेण्यासारखं वाटे.

मेळाव्यात रांग मोठी होती. सगळ्यात पुढे अकरा वर्षांची यारेत्सी उभी होती. तिच्या हातात गुलाबी वही होती आणि गळ्यात नावाचं कार्ड.

"मायेस्त्रो," ती म्हणाली, "पहिल्या भागात चिस्पा आरनला 'पात्रोन' म्हणतो. म्हणजे मालक. दुसऱ्या भागात 'कोम्पाद्रे' म्हणतो. आता कोम्पाद्रे कोणाला म्हणतात? ज्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला आपण धर्मबाप म्हणून उभे राहिलो, त्याला. हो ना?"

"अगदी हो."

"म्हणजे मधल्या काळात आरनला बाळ झालं! आणि चिस्पा त्याचा धर्मबाप आहे! बरोबर?"

एवारिस्तोंनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी दोन तास उभी असावी. तिच्या बुटाचा बंदही सुटला होता.

"बरोबर," ते म्हणाले.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"नाव काय तिचं?"

एवारिस्तोंची नजर इकडेतिकडे फिरली आणि तिच्या गळ्यातल्या कार्डावर थांबली. "यारेत्सी."

पोरीच्या हातून पेन गळून पडलं.

तिच्यामागे उरिएल होता. कायद्याचा विद्यार्थी. हा तोलुकाहून पहाटेच्या बसने आला होता. "मायेस्त्रो, मी स्पष्टच विचारतो. तीन भागांत कंदील तीन वेगळ्या तऱ्हेने धरलाय. तेव्हा चिस्पा एक नाही, तीन आहेत. मान्य?"

चिस्पाच्या हातात कंदील असतो, हे एवारिस्तोंना त्या क्षणी कळलं. "मान्य," ते म्हणाले.

"मग पहिल्याचं काय झालं?"

"वारला बिचारा."

"कशाने?"

"न्यूमोनिया. डोंगरावर थंडी किती असते!"

उरिएलने टोपी काढली. त्याच्यामागच्या चारपाच जणांनीही काढली.

सोमवारी एवारिस्तो दाढ भरून घ्यायला डॉक्टर बाउदेलिओंकडे गेले. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात कापूस कोंबला, नळी अडकवली आणि मग दार लावून हळूच विचारलं, "मायेस्त्रो, एक सांगाल? तिसऱ्या भागात चिस्पा आरनला 'मिहो' म्हणतो. मिहो म्हणजे माझ्या लेकरा. मी पहिल्यापासून म्हणतोय, तो आरनचा हरवलेला बाप आहे. आहे ना?"

"आँ," एवारिस्तो म्हणाले. नळी त्यांच्या जिभेला चिमटा काढत होती.

"ठाऊक होतं मला!" डॉक्टरांचे डोळे भरून आले. "आणि आरनला हे कळलंय?"

"आँ आँ!"

"नाही कळलेलं. अरेरे!"

यारेत्सीने वहीचं पान मोबाईलवर टाकलं, उरिएलने चौदा मुद्द्यांचा लेख टाकला आणि डॉक्टरांनी दाढेच्या फोटोसकट आपली बातमी टाकली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत तीन तट पडले. बुधवारी त्यांची जुंपली. मेलेला माणूस बाप्तिस्म्याला उभा कसा राहील, असं यारेत्सीचे लोक विचारू लागले. बाप आधी मुलाला मालक म्हणतो आणि मग एकदम लेकरू म्हणतो, याला पुरावा काय, असं उरिएलचे लोक म्हणाले. मग कोणीतरी तोड काढली की चिस्पा बापही आहे आणि धर्मबापही. त्यावर नवा वाद निघाला: आजोबा नातीचा धर्मबाप होऊ शकतो का? एकाने संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनाच गाठलं. हे कुटुंब आपल्याच वस्तीतलं आहे असं समजून पाद्रीबाबा म्हणाले, "होऊ शकतो. पण घरात आधी सगळ्यांशी बोलून घ्या."

डॉक्टर बाउदेलिओ तर आता दाढ कोरण्याआधी रोग्याचं मत विचारू लागले. यंत्र सुरू झालं की विरोधी तटाचे रोगी भराभर मत बदलत.

गुरुवारी इमेल्दाचा फोन आला. या वेळी ती हसत नव्हती.

"मायेस्त्रो, तुम्ही चिस्पाला मारलंत?"

"मी? कधी?"

"शनिवारी. दुपारी सव्वाबारा वाजता. न्यूमोनियाने."

एवारिस्तो खुर्चीत बसले. "अगं पोरी, तो मुलगा तोलुकाहून आला होता..."

"कंपनीतून पत्र आलंय. आमची कथा तुम्हाला कोणी सांगितली, असं विचारतायत. आणि गंमत सांगू? त्यांची कथाच ठरलेली नाही! चिस्पा कोण आहे हे तिकडेही कोणाला माहीत नाही. आणि तुम्ही इथे त्याला नात दिलीत, बाप केलंत आणि वर पुरलंत! शनिवारी स्टुडिओत या. कॅमेऱ्यासमोर खरं काय ते सांगा. नाहीतर चौथा भाग विसरा."

एवारिस्तोंनी फोन ठेवला. चोलेने सगळं ऐकलं होतं. एरवी 'मी सांगत होते ना' म्हणायची संधी ती सोडत नसे. पण नवऱ्याचा चेहरा पाहून तिने नुसता चॉकलेटचा पेला त्याच्यापुढे ठेवला.

"जन्मभर पपईच विकणार मी आता," ते म्हणाले.

"मग खरं सांगून टाक. तुला तर ठाऊक आहे, तीन भागांत तीन शब्द कसे आले ते."

"आहे. पण ते इतकं साधं आहे गं. कोणाला आवडेल?"

शनिवारी स्टुडिओत तिन्ही तटांना बोलावलं होतं. यारेत्सी वही घेऊन बसली होती, उरिएल हाताची घडी घालून, आणि डॉक्टर अंगातला पांढरा कोट न काढताच आले होते. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

"पोरांनो," एवारिस्तो म्हणाले, "पहिल्या भागात कागदावर 'पात्रोन' लिहिलं होतं. मी वाचलं. दुसऱ्या भागात कागदावर 'मित्रा' होतं. पण मी बोलणार, एवढ्यात काचेपलीकडे माझा खराखुरा कोम्पाद्रे आला. निकानोर. कोपऱ्यावर चपला शिवतो तो. मक्याच्या पानात वाफवलेल्या तमालांची पिशवी घेऊन आला होता, तीही गरम. माझ्या तोंडून निघून गेलं, 'कोम्पाद्रे!' इमेल्दा म्हणाली छान आहे, राहू दे. आणि तिसऱ्या भागापर्यंत मी म्हातारा झालो. हल्ली मी सगळ्यांनाच मिहो म्हणतो. बँकेच्या पहारेकऱ्यालासुद्धा म्हणतो. बस. एवढंच आहे. बाकीचं मी तुमचं मन मोडू नये म्हणून बोललो. माझं चुकलं."

उरिएलने घसा खाकरला.

"हे पाठ केलेलं आहे," तो म्हणाला. "साक्षीत उगाच गरम तमाल आले की समजावं, वकिलांनी लिहून दिलंय."

"मुलाचं रक्षण करायला बाप काहीही बोलतो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढला.

यारेत्सी जवळ आली. मोठ्या माणसाला समजवावं तशी ती हळू आवाजात म्हणाली, "मायेस्त्रो, तुम्हाला सांगायची परवानगी नाही ना? मला कळतं. मी कोणाला बोलणार नाही."

"बाळ, खरंच गं, तमाल..."

"हो हो. तमाल," ती म्हणाली आणि तिने डोळा मिचकावला.

त्या दिवसापासून निकानोरच्या दुकानासमोर गर्दी होऊ लागली. ज्याला बघून चिस्पा कोम्पाद्रे म्हणाला, तो साधा चांभार कसा असेल? लोक त्याच्याकडे रोखून बघत, कुजबुजत, त्याच्या हातात कंदील देऊन फोटो मागत. शेवटी त्याने दारावर पाटी लावली: 'मी कोणी नाही. चपला दुरुस्त करून मिळतील.' संध्याकाळी त्या पाटीवर तीन लेख आले. 'मी कोणी नाही' याचा अर्थ काय घ्यायचा, यावर तिन्हींचं एकमत नव्हतं.

"कोम्पाद्रे," निकानोर एवारिस्तोंना म्हणाला, "पुन्हा कधी तमाल आणले, तर ह्या रापीने माझी बोटं काप."

पंधरा दिवसांनी इमेल्दाने एवारिस्तोंना स्टुडिओत बोलावलं. ते ठेवणीतला कोट घालून गेले. निरोप ऐकायचा तर नीट कपड्यांत ऐकावा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"कंपनीचं पत्र आलंय," इमेल्दा म्हणाली. "या भांडणामुळे लोक पहिले तिन्ही भाग परत खेळतायत. इतके खेळतायत की कंपनीवाले घाबरलेत. बाप म्हणावं तर दोन तट रागावणार, तीन माणसं म्हणावं तरी दोन रागावणार. म्हणून त्यांनी ठरवलंय..." ती थांबली. "चौथ्या भागात चिस्पा आहे. पण तो बोलणार नाही."

"अजिबात?"

"एक शब्दही नाही. तोंड उघडलं की कोणाला तरी काहीतरी म्हणावं लागतं. पात्रोन, कोम्पाद्रे, मिहो. नकोच ते."

एवारिस्तोंनी कोटाचं वरचं बटण काढलं. परत लावलं. "बरं," ते म्हणाले. "शहाणपणाचं आहे. तो काय, नाहीतरी... बरं."

"पण श्वास आहेत," इमेल्दा घाईने म्हणाली. "चढ चढताना, दचकताना, पाणी पिताना. ते दुसऱ्या कोणाचे घातले तर हे लोक दुसऱ्या दिवशी पकडतील. ते तुम्हीच द्यायचेत. कंपनीने तसं लिहूनच पाठवलंय."

एवारिस्तोंचा चेहरा उजळला. श्वास तर श्वास! ते तसेच आतल्या खोलीत गेले, कानांवर हेडफोन चढवले आणि चढावरचा एक लांब, सुरेख श्वास दिला.

काचेपलीकडून इमेल्दाने मान हलवली. "हा कोम्पाद्रेचा झाला."

"श्वासात कसला आलाय कोम्पाद्रे?"

"जवळीक वाटली हो. परत घ्या."

त्यांनी परत घेतला.

"हा बापाचा. काळजी आली त्यात."

त्यांनी जरा कोरडा घेतला. शेजारच्या ध्वनिमुद्रकाने हळूच काहीतरी सांगितलं. इमेल्दा म्हणाली, "हा म्हणतोय, यात न्यूमोनिया ऐकू येतो."

असे बावीस श्वास झाले. तेविसाव्याला एवारिस्तोंनी हेडफोन मानेवर घेतले. "पोरी, एकदाचं सांग तरी, तुला हवाय कोणाचा?"

"कोणाचाच नको, मायेस्त्रो. कोण आहे ते कळताच कामा नये. असा द्या, की लाख लोकांनी लाख वेळा ऐकला तरी पत्ता लागणार नाही."

एवारिस्तो विचार करत उभे राहिले. राजाचा श्वास त्यांना येत होता, भुताचा येत होता, बदकाचा तर झोपेतही आला असता. बाजारातून घरी येताना तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर ते रोज कठड्याला धरून थांबत. डोळे मिटून ते मनाने त्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी श्वास घेतला.

काचेपलीकडे इमेल्दा टाळी वाजवत उठली. ध्वनिमुद्रकानेही अंगठा वर केला.

"हाच! अगदी हाच! कोणाचा होता हो हा?"

"माझा," एवारिस्तो म्हणाले.

"उत्तम," इमेल्दा कागदावर खूण करत म्हणाली. "हा कोणालाच ओळखू येणार नाही."